पंचक्रोशीपलीकडचं ऊन

काशी, ब्रह्माघाट
आश्विन वद्य द्वितीया, शके १८५६

चि. सौ. शरदिनी हीस,

आशीर्वाद शेवटी लिहीन, राहिला तर. आधी हे सांग, तू बकुळला समुद्र बघायला कराचीला बोलावलंस ते मला तिच्याच तोंडून, तेही घाटावर, ओल्या लुगड्यात कुडकुडत असताना कळावं, इतकी मी कधीपासून परकी झाले? मी तुझी थोरली जाऊ. ती नणंद, ती पण लग्न होऊन बालाजीघाटावर गेलेली. तुझ्या लग्नात तुझ्या डोक्यावर अक्षता टाकताना ती झोपली होती, मी जागी होते.

ती म्हणाली, "वहिनी, नाताळच्या सुटीत आम्ही कराचीला. शरदिनीनं चार पानी पत्र घातलंय. समुद्र तिच्या घरापासून ट्रामनं जाण्याएवढा जवळ आहे." असं म्हणाली आणि डुबकी मारली. वर आली तेव्हा तोंडावर अजून तेच हसू. पाण्यानं धुवून पण गेलं नाही.

चार पानं. मला तुझी पत्रं येतात त्यात काय असतं? सगळे खुशाल, नीलकंठभावजींचा खोकला बरा, गहू चांगला मिळाला. आठ वर्षांत समुद्राची एक ओळ नाही. तो कराचीला आहे हे मला भूगोलाच्या पुस्तकातनं कळायचं, ते मी वाचलेलं नाही.

आता बकुळचं ऐक. तिनं चौकातनं छत्री आणली. काळी नव्हे, पांढरी, झालरीची. समुद्राचं ऊन पाण्यावरनं उडून तोंडावर येतं असं तू लिहिलंस म्हणे. ती छत्री उघडून ती आमच्या गलीतनं जाते. आमच्या गलीत ऊन पडतं बारा ते सव्वाबारा. काल समोरून सांड आला. छत्री, बकुळ आणि सांड तिघांना जागा नव्हती. बकुळ भिंतीला चिकटली, झालर शेणानं भरली, आणि मला बरं वाटलं. लपवत नाही.

तू म्हणशील, जाऊबाई, तुम्ही कुठे येणार. ते मला शिकवू नको. आठ वर्षांपूर्वी मी क्षेत्रसंन्यास घेतला. मरेपर्यंत काशीची पंचक्रोशी ओलांडायची नाही असा संकल्प हातावर पाणी घेऊन सोडला, पंचगंगेच्या पायऱ्यांवर, सगळ्या मोहल्ल्यासमोर. तू होतीस की. नव्हतीस, तुमची त्याच दिवशी गाडी होती. तेव्हापासून मी राजघाटाचा पूल ओलांडलेला नाही. समोरच्या रेतीवर पाय ठेवलेला नाही. रामनगरची रामलीला बघितली नाही. माझी आई माहेरी, सागर गावी, वारली तेव्हा गेले नाही. मी येणार नाही हे तुला माहीत, मला माहीत, गंगेतल्या कासवाला माहीत.

म्हणून विचारायचं पण नाही? उपासाच्या बाईला सुद्धा पानावर बसा म्हणतात. ती नाही म्हणते. मग लोक म्हणतात, केवढा निग्रह बाई. तू मला नाही म्हणायची पण सोय ठेवली नाहीस.

आठ वर्षांत तू एकदा काशीला फिरकली नाहीस, ते मी विचारलं नाही. आता हे विचारते. कारण काय ते लिही. गोड करून लिहू नको.

आशीर्वाद राहिला. पुढच्या पत्रात बघू.

आनंदी


कराची
ता. १ नोव्हेंबर १९३४

ती. सौ. जाऊबाई यांस शरदिनीचा सा. नमस्कार.

पत्र पावले. गोड करून लिहू नको म्हणालात, तसे करते.

बकुळवन्संना मी बोलावले नाही. त्यांनीच लिहिले की शिवरामभावजींच्या शाळेला नाताळची सुटी आहे, येऊ का. मी या म्हटले. नणंदेला नाही कसे म्हणणार? चार पाने लिहिली हे खरे, पण त्यातली साडेतीन आगगाडीची आहेत. दिल्लीला कुठे बदलायचे, वाळवंटात खिडकी का मिटून घ्यायची, पाणी किती बरोबर ठेवायचे, असे. समुद्र शेवटच्या अर्ध्या पानात आहे.

तुम्हाला मी त्याबद्दल कधी लिहिले नाही म्हणता. लिहिले होते, जाऊबाई. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात, दोन्ही बाजूंनी भरून. त्यावर तुमचे उत्तर आले ते माझ्या पेटीत आहे. "इथे गंगा आहे. खारं पाणी तुला लखलाभ." एवढेच. त्यानंतर मी गहू आणि खोकला लिहायला लागले. उपासाच्या बाईला पानावर बसा म्हणतात हे खरे, पण तिच्यासमोर कुणी लाडू वळत बसत नाही. मला वाटले मी तुमचे मन राखते आहे. तुम्हाला वाटले मी तोऱ्यात आहे. आठ वर्षे दोघींनी टपालखर्च करून हेच केले.

काशीला का फिरकले नाही, तेही सांगते. तुमच्या संकल्पाच्या दिवशी मी नव्हते म्हणालात. मी कुठे होते? इक्का दाराशी उभा होता, ट्रंका वर बांधलेल्या होत्या. ओटी भरायला घरात एक सवाष्ण नव्हती. सारी माणसे पंचगंगेवर गेली होती, बकुळवन्ससुद्धा. मी देवापुढचे कुंकू माझ्या हाताने लावले. निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात ते मी माझ्याच डाव्या हाताने उजव्या हातावर घातले. पहिल्यांदा सासर सोडून चालले होते. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत मी दरवाजाकडे बघत होते. हे म्हणाले, कुणाची वाट बघतेस? मी म्हटले, सुरईवाल्याची.

हे मी तेव्हा लिहिले नाही, आता लिहिले. तुम्ही विचारलेत म्हणून.

आता रीतीने विचारते. जाऊबाई, कराचीला या. महिनाभर राहा. आमच्या घराला गच्ची आहे, दिवसभर ऊन असते, वारा खारट असतो, पापड दुपारपर्यंत वाळतात. उंटाच्या गाड्या बघून तुम्ही हसाल. क्लिफ्टनच्या किनाऱ्यावर संध्याकाळच्या आधी समुद्रावर ऊन पडते ते कसे सांगू? पितळी परात लख्ख घासून, पाणी भरून उन्हात ठेवली तर दिसते ना, तसे. बघता येत नाही, आणि डोळे काढवत नाहीत.

या. आणि नाही म्हणायचे असेल तर मनसोक्त म्हणा.

शरदिनी


काशी, ब्रह्माघाट
कार्तिक शुद्ध चतुर्थी, शके १८५६

चि. सौ. शरदिनी हीस,

तुझं पत्र नरकचतुर्दशीला आलं. फराळाला बायका बसल्या होत्या त्यांच्यासमोर मी मोठ्यानं वाचलं. म्हणजे "कराचीला या, महिनाभर राहा" तेवढं वाचलं, बाकीचं मनात. मग म्हटलं, छे बाई, मला काशी सुटायची नाही. बकुळनं करंजी अर्धी खाल्लेली खाली ठेवली. तर झालं. नाही म्हणते.

खारं पाणी लखलाभ असं मी लिहिलं असेन. रागात माणूस लिहितो. तू ते पेटीत ठेवलंस, आणि त्या आधी मी तुला सोळा वर्षं गरम गरम वाढलं ते कुठल्या पेटीत ठेवलंस?

त्या दिवसाचं म्हणशील तर मुहूर्त ढुंढिराज उपाध्यांनी काढला. सकाळी नऊचा निघाला, त्याला मी काय करणार. मी पंचांग लिहीत नाही. ओटी भरायला कुणी नव्हतं हे मला ठाऊक नव्हतं. वाटलं असेल कुणीतरी. आता तो विषय पुरे.

क्षेत्रसंन्यास म्हणजे काय ते तुला तिथे बसून कळायचं नाही. हळदीकुंकवाला पहिलं कुंकू मला. पंचगंगेवर मी पायऱ्या उतरले की बायका सरकून वाट देतात, नव्या सुना पायावर पाणी घालतात. शास्त्रीबुवांच्या बायकोला कोण ओळखत होतं? ते वेद शिकवतात, त्यांच्या पाया पडतात. मी त्यांची भांडी घासते, माझ्या कोण पडणार. संकल्प सोडला त्या दिवसापासून मी आनंदीबाई झाले. हे कुठल्या समुद्रात मिळतं?

भाऊबीजेला बकुळ शास्त्रीबुवांना ओवाळायला आली. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "दादा, तुला कराचीहून शंख आणीन. वहिनी, तुम्हाला काय आणू?"

म्हटलं, "वाळू आण."

"किती?"

"तुझ्या डोळ्यात मावेल एवढी."

ती हसली, तिला वाटलं मी विनोद केला. शास्त्रीबुवा पण हसले, मग हसता हसता थांबले आणि माझ्याकडे बघत बसले. तेव्हापासून गप्प आहेत. पन्नाशी उलटली की पुरुष असे मधेच बंद पडतात.

आता थोडं बकुळसाठी विचारते, तिला विचारायचं सुचत नाही. समुद्राला घाट असतात का? पायऱ्या नसतील तर बायका उतरतात कुठून? पाणी ओंजळीत घेतलं तर निळंच राहतं का? आवाज करतो म्हणतात, तो सारखा की मधे थांबतो? दुसरा काठ दिसतच नाही हे खरं का? बकुळची नजर अधू आहे, तिला नाही दिसला तर ती सांगेल की नव्हताच. म्हणून तू नीट लिही.

पत्ता शास्त्रीबुवा घालतील, इंग्रजी मला येत नाही.

आशीर्वाद अर्धा.

आनंदी


(त्याच लिफाफ्यात, वेगळ्या कागदावर)

चि. सौ. शरदिनीस अनेक आशीर्वाद.

पत्ता लिहिण्यासाठी लिफाफा माझ्याकडे आला. ही चिठी तुझ्या जाऊबाईंच्या नकळत घालतो आहे. आजवर असे केले नव्हते.

सवाष्ण स्त्रीच्या व्रताला पतीची अनुमती लागते. ती नसेल तर संकल्प लागू होत नाही. पंचगंगेवर त्या दिवशी पाणी सोडण्यापूर्वी ढुंढिराजांनी माझ्याकडे पाहिले. मी होय म्हटले नाही. मानही हलवली नाही. माझा धाकटा भाऊ त्या वेळी घरातून निघत होता आणि मी त्याला पोचवण्याऐवजी घाटावर उभा होतो, याचा मला राग होता. गर्दीच्या गोंगाटात ढुंढिराजांनी माझे मौन होकार धरले. शास्त्राप्रमाणे तो संकल्प झालाच नाही.

घरी गेल्यावर सांगणार होतो. पण त्या सायंकाळी तिच्या पाया पडायला वीस बायका आल्या आणि ती इतकी हसली, की मी म्हटले, उद्या सांगू. तो उद्या आठ वर्षे लांबला. तिची आई सागरला अंथरुणाला खिळली, तेव्हा मी तिला म्हटले, तू जा, मी काही मार्ग काढतो. ती म्हणाली, लोक काय म्हणतील. त्या वेळी खरे सांगायला हवे होते. सांगितले नाही. ते पाप माझे आहे.

तुझे पत्र आल्यापासून ती रोज दुपारी परातीत पाणी घेऊन ओसरीत उन्हाच्या पट्ट्यात ठेवते आणि शेजारी बसून राहते. मी विचारले, हे काय? म्हणाली, पाणी तापवते आहे.

सांगावे की सांगू नये, माझ्याने ठरत नाही. सांगितले तर तिचा मान जातो, न सांगितले तर बाकीचे सगळे जाते. तू ठरव.

विश्वेश्वर


कराची
ता. १७ नोव्हेंबर १९३४

ती. सौ. जाऊबाई यांस शरदिनीचा सा. नमस्कार.

हे पत्र एकट्या असताना वाचा. आधी हे पान पुरे करा, मग सोबतचा घडी केलेला कागद उघडा.

आधी समुद्राचे. घाट नसतात. पायऱ्या नाहीत, म्हणून कुठे थांबायचे ते आपले आपण ठरवायचे. बायका पावले बुडतील इतक्या उतरतात, थोड्या धीट असतात त्या गुडघ्यापर्यंत. ओंजळीतले पाणी निळे राहत नाही, आपल्या गंगेसारखेच साधे दिसते. आवाज थांबतो असे वाटते, पण तो थांबत नाही, आपण ऐकायचे थांबतो. दुसरा काठ खरेच दिसत नाही. हे बकुळवन्संना सांगू नका, त्यांचे त्यांना बघू दे.

आता दुसरे. मुहूर्त उपाध्यांनी काढला असे तुम्ही लिहिलेत. आमच्या निघण्याच्या दोन दिवस आधी ढुंढिराज उपाध्ये ओसरीवर आले होते. मी माजघरात लाडूंचा डबा बांधत होते. तुम्ही त्यांच्याशी काय बोललात ते मी ऐकले आहे. आठ वर्षांत हे मी यांनाही सांगितलेले नाही. आताही लिहिले नसते. पण तुम्ही पंचांगावर घातलेत, म्हणून लिहिले.

सोबतची चिठी तुमच्याच लिफाफ्यातून माझ्याकडे आली. भावजींनी ती तुमच्या नकळत घातली आणि ठरवायचे माझ्यावर टाकले. मी तीन दिवस ती उशाखाली ठेवली. एकदा वाटले, फाडून टाकावी, तुमचा मान तुमच्यापाशी राहू दे. मग वाटले, ही गोष्ट तुमची आहे, तुमच्याबद्दल आहे, आणि तुम्ही सोडून आम्हा दोघांना ठाऊक आहे. हे बरे नाही. म्हणून ज्याची वस्तू त्याला परत करते.

हे मी मायेने करते आहे की दह्याच्या त्या वाटीसाठी, मला नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल. गोड करून लिहू नको म्हणाला होतात.

भावजींवर रागवाल. रागवा. पण ते वाईट नाहीत, मऊ आहेत, आणि मऊ माणसांकडून असे होते.

आमंत्रण अजून तसेच आहे.

शरदिनी


काशी, ब्रह्माघाट
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५६

चि. सौ. शरदिनी हीस,

चिठी तीनदा वाचली. एक तर यांचं अक्षर मला लवकर लागत नाही, आणि पहिल्या दोनदा वाटलं मी चुकीचं वाचतेय.

शास्त्रीबुवा जेवायला बसले होते. मी चिठी त्यांच्या पानात ठेवली, जिथे मीठ वाढतात तिथे. त्यांनी बघितली आणि हातातला घास खाली ठेवला. मी विचारलं, "आई सागरला आजारी होती तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

म्हणाले, "होतं."

मी म्हटलं, "जेवा, आमटी गार होईल."

मग मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. घरात मीठ संपलं ते पण भिंतीकडे बघून सांगितलं. तुझ्यावर पण तेवढाच राग आला होता. लांब बसून तू सोयीनं खरी झालीस. पण दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आठवलं, तेव्हा त्यांनी मला जा म्हटलं होतं. हात जोडून म्हटलं होतं. मी गेले नाही. ते काशीसाठी नाही, गंगेसाठी नाही. घाटावरच्या चार बायका म्हणतील, आनंदीबाई मोडली, म्हणून. आई माझं नाव घेत गेली आणि मी इथे पहिलं कुंकू लावून घेत होते. हे मी एकदाच लिहिते. तू परत काढायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर गेले. मल्लाह नाव धूत होता. मी आत जाऊन बसले. तो म्हणाला, "माई, ओह पार जइबू?" गेली आठ वर्षं तो मला बघतोय, त्याला वाटलं मला चक्कर आली. मी म्हटलं, हां, पलीकडेच, चल.

पायऱ्यांवर पंधरा-वीस बायका होत्या. बकुळ होतीच, छत्री घेऊन. झालर धुतली आहे तिनं. नाव सुटली तशी ती ओरडली, "वहिनी, हे काय? पलीकडे मरू नका, गाढवाचा जन्म येतो." पार मेलं तर गाढव होतं असं इथे मानतात, तुला आठवत असेल. मी नावेतनं ओरडले, "गाढवपणा झाला तो अलीकडच्या काठावर, आठ वर्षं." मल्लाह वल्हं सोडून हसला.

रेतीवर उतरले. काही झालं नाही, शरदिनी. पाय भाजला नाही, आकाश पडलं नाही. तिथे झाड नाही, भिंत नाही, नुसतं ऊन. इतकं ऊन मी कितीतरी वर्षांत अंगावर घेतलं नव्हतं. मागे वळून बघितलं तर काशी सगळी एकदम दिसली. ब्रह्माघाट माझ्या करंगळीएवढा. त्याच्यावरच्या बायका मुंग्यांएवढ्या. त्यांना भिऊन मी सागरला गेले नाही. मी तिथे खाली बसले आणि आईचं नाव घेऊन तीन ओंजळी पाणी सोडलं. मुलीला तो अधिकार आहे की नाही हे मी कुणाला विचारलं नाही. अनुमती पण घेतली नाही.

परत आले तर ढुंढिराज उपाध्ये पायरीवर उभे. म्हणाले, "संकल्प मोडलात, आनंदीबाई, प्रायश्चित्त घ्यावं लागेल." तेवढ्यात शास्त्रीबुवा आले, अनवाणी, उपरणं विसरून. सगळ्यांदेखत म्हणाले, "त्या वेळी माझी अनुमती नव्हती. संकल्प झालाच नाही. प्रायश्चित्त घ्यायचं तर मी घेईन." आवाज इतका बारीक, की उपाध्यांनी परत सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी लावलं. मागच्या पायरीवर ऐकू गेलं नव्हतं.

मान गेला तो लगेच गेला. दुसऱ्या दिवशी बिंदुमाधवाच्या देवळात हळदीकुंकू होतं. पहिलं कुंकू उपाध्यीणबाईंना. मी चौथी. माझ्या आधी बकुळ. खोटं कशाला सांगू, जळफळले. उपाध्यीणबाई अशी मान ताठ करून बसली होती की टाचणी टोचावी. मग वाटलं, मी पण अशीच दिसत असेन.

आता ते नऊ वाजल्याचं. उपाध्ये म्हणाले होते दुपारी तीनचा मुहूर्त जास्त चांगला आहे. मी म्हटलं, नाही, सकाळी नऊच. तुमचा इक्का नऊला यायचा होता. तू ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. महिनाभर घरात एकच बोलणं चाललं होतं, शरदिनी समुद्राकाठी चालली, शरदिनीला काय काय द्यायचं, शरदिनीला ऊन लागेल का. तुझ्या बरोबर द्यायचे लाडू मी वळत होते. एकाही बाईनं मला विचारलं नाही, आनंदी, तू कुठे जाणार? मग मी ठरवलं, मी कुठेच जाणार नाही, आणि ते असं जाणार नाही की सगळ्यांनी बघावं. बघितलं सगळ्यांनी. ओटी भरायला कुणी उरणार नाही हे मला माहीत होतं. ठाऊक नव्हतं असं मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं.

तू ऐकलं होतंस तर तेव्हाच भांडायला पाहिजे होतंस. आठ वर्षं गहू लिहीत बसलीस. तो राग तिथे येऊन काढीन.

म्हणजे मी येतेय. बकुळ आणि शिवरामभावजी मार्गशीर्ष पौर्णिमा झाली की निघतील, त्यांच्याबरोबर. बकुळला सांगितलं तेव्हा तिचं तोंड उतरलं, मग म्हणाली, "या, छत्रीत दोघी मावू." मी म्हटलं, "डब्यात तुझ्याशेजारी बसेन, छत्रीत नाही. मला ते ऊनच पाहिजे." तिला खालची झोपण्याची जागा पाहिजे, मला पण तीच पाहिजे, त्याचं भांडण चालू आहे. शास्त्रीबुवा इथे राहतील. त्यांना पिठलं शिकवलं, गुठळ्या होतात, होऊ देत. कराचीला जायला त्यांची अनुमती कागदावर लिहून सही घेतली आहे, ती सोबत पाठवते. तुझ्या त्या पेटीत ठेव. पुढे कुणी म्हणायला नको की मान हलवली नव्हती.

गंगा लोट्यात भरून, तोंड लाखेनं बंद करून आणते. दुसऱ्या लोट्यात समुद्र भरून परत आणीन. इथल्या बायकांना दाखवीन, ओंजळीत निळा राहत नाही ते.

एकच राहिलं. तेवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. तू निघालीस तेव्हा मी तुला पोचवायला आले नव्हते. मी उतरेन तेव्हा तू स्टेशनवर येणार आहेस का? नीलकंठभावजींना पाठवून भागवायचं नाही. तू. दह्याची वाटी घेऊन ये म्हणत नाही, नुसती ये. येणार असशील तर तसं लिही. नसशील तर तसं लिही, मग मी इथेच राहते, परात आहे.

आशीर्वाद पूर्ण घे, मागचे राहिलेले धरून. पण उत्तर चंपाषष्ठीला माझ्या हातात पाहिजे. टपालवाला गलीत यायच्या आधीपासून दारात बसेन. सप्तमी चालणार नाही.

आनंदी